तीन दिवसांचा वारसा

८ एप्रिल २०१५ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागातला 'कार्लटन टॅव्हर्न' हा १९२०-२१ साली बांधलेला पब त्याच्या मालक कंपनीने यंत्रे लावून पाडून टाकला. त्या जागी सदनिका बांधण्याची परवानगी आधीच नाकारली गेली होती आणि इमारतीला संरक्षित वास्तूंच्या यादीत घेण्याची शिफारस होऊ घातली होती. रहिवाशांनी प्रकरण लावून धरले, वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने पब जसा होता तसा, विटेला वीट लावून, पुन्हा उभा करण्याचा हुकूम दिला, त्यावरचे अपीलही फेटाळले गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये कार्लटन टॅव्हर्नचे दार पुन्हा उघडले. पब वाचवण्यासाठी झटणाऱ्या मंडळींना या निकालाचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. बिल्डरने पाडलेली वास्तू त्याच्याच खर्चाने पुन्हा बांधून घेण्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

तरीही या विजयाकडे पाहताना एक प्रश्न मनातून जात नाही. हुकमाने भिंती परत आल्या, कौले आणि फरश्या परत आल्या. पण इंग्लंडच्या पबमध्ये जतन करण्याजोगे जे आहे, ते भिंतींत किती आणि भिंतींच्या खाली, तळघरात, किती? माझे म्हणणे असे की या वारशाचा गाभा तळघरातल्या पिंपात आहे, ते पिंप सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात आहे आणि ते वेळेत रिकामे करणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत आहे. ब्रिटनचे कायदे मात्र अजूनही प्रामुख्याने इमारतीचा विचार करतात. त्यामुळे इमारत वाचते आणि पब जातो. मी राहतो त्या यॉर्कशायरमधल्या गावात असा एक जुना पब आहे. त्याची दर्शनी भिंत, रंगीत काचा आणि दारावरची पाटी परवानगीच्या अटींप्रमाणे जशीच्या तशी राखली आहे. आत चार सदनिका आहेत.

हे म्हणणे पटायचे तर पिंपातल्या पेयाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सारा युक्तिवाद त्याच्या स्वभावावर उभा आहे. ज्याला इंग्लंडमध्ये 'कास्क एल' किंवा 'रिअल एल' म्हणतात, ती बिअर ब्रुअरीतून निघते तेव्हा तयार झालेली नसते. मोड आणून भाजलेली बार्ली, कडवटपणा देणारी हॉप्सची फुले, पाणी आणि यीस्ट यांपासून ती बनते. पण जिवंत यीस्टसकट पिंपात भरली जाते आणि आंबण्याची दुसरी पायरी त्या पिंपातच पार पडते. पबच्या तळघरात पिंप आडवे ठेवून त्याला हलू न देता विसावू देतात. वरच्या बुचात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, म्हणजे आत साठलेला वायू हळूहळू बाहेर पडतो. बुचावरचा फेस किती वेगाने येतो यावरून अनुभवी माणूस ओळखतो की बिअर अजून अस्वस्थ आहे की निवली आहे. ती निवली की कठीण लाकडाची खुंटी बसवतात, समोरच्या बाजूस लाकडी हातोड्याच्या एका नेमक्या घावाने तोटी ठोकतात आणि गाळ खाली बसून बिअर नितळ होण्याची वाट पाहतात. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. मग वरच्या मजल्यावर, काउंटरमागे, लांब दांड्याच्या हँडपंपाने ती हाताने ओढून पेल्यात येते. या पंपाचे पेटंट जोसेफ ब्रॅमा यांनी १७९७ साली घेतले होते आणि त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे.

यातली खरी अडचण पुढे आहे. बाहेरचा कार्बन डायऑक्साइड वापरायचा नाही हा रिअल एलचा नियमच असल्यामुळे, जितकी बिअर ओढली जाते तितकी हवा पिंपात शिरते. हवा शिरली की चव उतरू लागते. साधारण तीन दिवस, त्यापलीकडे ती बिअर पबचालकाने ग्राहकापुढे ठेवू नये. सर्वांत अधिक वापरले जाणारे पिंप म्हणजे 'फर्किन'. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट (पाइंट म्हणजे पबमधला एक मोठा पेला) मावतात आणि तळाच्या गाळात काही पाइंट जातातच. तीन दिवसांत ते संपवायचे तर एका प्रकारच्या बिअरचे दिवसाला वीस-बावीस पेले खपले पाहिजेत. खपले नाहीत तर चवीने पिणारा माणूस पहिला आंबट घोट घेऊन परत येत नाही, खप आणखी घटतो आणि पुढचे पिंप आणखी रेंगाळते. म्हणून मी असे मानतो की बार्ली, हॉप्स, पाणी आणि यीस्ट यांच्या जोडीला नेमाने येणारे गिऱ्हाईक हा या बिअरचा पाचवा घटक आहे. घरातले विरजण जसे रोजच्या दह्याच्या वापरामुळेच जिवंत राहते, कपाटात जपून ठेवता येत नाही, तसेच हे आहे. रिअल एल संग्रहालयात ठेवता येत नाही आणि तिच्यावर संरक्षणाची पाटी लावूनही ती टिकत नाही. ती टिकते ती केवळ संपत राहिल्यामुळे.

हे पेय एकदा जवळजवळ नाहीसे झाले होते. १९६०च्या दशकात मोठ्या ब्रुअरींनी गाळलेली, पाश्चराइज केलेली आणि वायूच्या दाबाखाली धातूच्या बंद पिंपात भरलेली 'केग' बिअर देशभर पसरवली. 'वॉटनीज रेड बॅरल' हे तिचे सर्वपरिचित नाव. ती आठवडेच्या आठवडे टिकत असे, तिला तळघरात कुशल माणूस लागत नसे आणि कॉर्नवॉलपासून कंब्रियापर्यंत तिची चव एकच असे. तिच्या सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण त्या सोयीची किंमत प्रत्येक परगण्याच्या स्वतंत्र चवीने आणि प्रत्येक तळघरातल्या कसबाने मोजली. १९७१ साली आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेलेल्या चार इंग्लिश तरुणांनी याविरुद्ध एक संघटना काढायचे ठरवले; तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजे 'कॅमरा', म्हणून ओळखली गेली. 'रिअल एल' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो तिच्यामुळेच. ग्राहकांनी उभी केलेली आणि खरोखर यश मिळवलेली अशी चळवळ विसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये क्वचितच सापडेल. पण तिच्या यशाला मर्यादा पडली ती चवीच्या बाबतीत नव्हे, मालकीच्या बाबतीत.

इंग्लंडमधले बहुसंख्य पब दीर्घकाळ 'बांधील' होते, म्हणजे पबची इमारत ब्रुअरीची, चालवणारा तिचा भाडेकरू, आणि बिअर तिचीच घ्यायची असा करार. १९८९ साली मक्तेदारी आयोगाच्या अहवालात आढळले की सहा कंपन्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश बिअर बनवतात. सरकारने त्यावर 'बिअर ऑर्डर्स' नावाचे आदेश काढले. दोन हजारांहून अधिक पब असलेल्या ब्रुअरीने त्यावरच्या निम्म्या पबांना बांधिलकीतून सोडायचे, आणि तिच्या उरलेल्या बांधील पबांमध्येही चालकाला बाहेरची एक कास्क बिअर, 'गेस्ट एल', ठेवण्याचा हक्क द्यायचा. कागदावर हा छोट्या ब्रुअरींसाठी सुवर्णकाळ होता. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांनी हजारो पब विकले आणि ते घेतले नव्याने निघालेल्या मालमत्ता कंपन्यांनी, ज्या स्वतः बिअर बनवत नव्हत्या. आदेश लागू होते ते ब्रुअरींना. या कंपन्या ब्रुअरी नसल्यामुळे त्यांना ते लागूच होत नव्हते. बांधिलकी तशीच राहिली, फक्त मालक बदलला. आणि या मालकाला बिअरपेक्षा जमिनीच्या भावात आणि घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यांत अधिक रस होता. ज्या ब्रुअरीला आपली बिअर चांगल्या अवस्थेत विकली जावी असे निदान स्वार्थापोटी तरी वाटत होते, ती चित्रातून गेली. या शतकाच्या सुरुवातीला ते आदेशही रद्द झाले आणि गेस्ट एलचा हक्क त्यांच्यासोबत गेला.

म्हणूनच 'लोकांना नको आहे म्हणून पब बंद पडतात, बाजाराला ठरवू द्या' हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. पबांची संख्या २००० साली साठ हजारांच्या वर होती, ती आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आली आहे. लोकांच्या सवयी बदलल्या, तरुण पिढी कमी पिते, हे खरेच आहे आणि त्यातले काही चांगलेही आहे. पण बंद पडणाऱ्या पबांत तोट्यात नसलेलेही असतात. चांगला चालणारा पबही सदनिका म्हणून अधिक किमतीचा ठरतो, तेव्हा निर्णय बिअरच्या बाजारात होत नाही, जमिनीच्या बाजारात होतो. शिवाय जो 'मुक्त' बाजार म्हणून दाखवला जातो तो कधीच मुक्त नव्हता. इंग्लंडमध्ये मद्यगृहांना परवाना सक्तीचा झाला तो १५५२ सालच्या कायद्याने. १८३० साली दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकण्याची मुभा देऊन संसदेने हजारो नवे पब अक्षरशः निर्माण केले. आजही सुपरमार्केटमधल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर मूल्यवर्धित कर शून्य आहे, तर पबमध्ये शिजवलेल्या जेवणावर तो २० टक्के आहे. कायद्याने ज्याला आकार दिला त्याला कायद्यानेच वाऱ्यावर सोडायचे आणि त्याला निसर्गक्रम म्हणायचे, हे न्याय्य नाही.

मराठी वाचकाच्या मनात एक वेगळा आक्षेप येईल आणि तो मी मनापासून गंभीर मानतो. ज्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिला तर गावातले दारूचे दुकान बंद होते, ज्या बायकांनी मारहाण आणि उपासमार सोसून ही मते मिळवली, तिथल्या माणसाने परदेशातल्या पिण्याच्या जागेची बाजू का घ्यावी? दारूने ब्रिटनमध्येही घरे मोडली आहेत, आणि पब टिकवा म्हणणाऱ्याने ते झाकू नये. पण ते नुकसान आज कुठे होते ते पाहावे लागेल. स्वस्त दारू सुपरमार्केटमधून घरी जाते आणि कोणाच्याही नजरेआड प्यायली जाते. स्कॉटलंडने २०१८ साली मद्यार्काच्या प्रत्येक युनिटला (म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला) किमान ५० पेन्स अशी किंमत ठरवली आणि २०२४ मध्ये ती ६५ पेन्स केली. या धोरणाची झळ पबला जवळजवळ लागली नाही, कारण पबमधला दर मुळातच त्याहून कितीतरी वर असतो. इंग्लंडनेही तोच मार्ग धरावा असे माझे मत आहे. 'बिटर' नावाची पारंपरिक कडवट एल साधारण चार टक्के मद्यार्काची असते, ती चारचौघांत, दिव्याच्या उजेडात, हळूहळू प्यायली जाते, आणि काउंटरमागचा माणूस 'आज पुरे' असे सांगू शकतो. दारूच्या नशेत असलेल्याला आणखी दारू विकणे हा त्याच्यासाठी गुन्हा आहे. दारूबंदीच्या कार्यकर्त्याला आणि चांगल्या पबला एकमेकांशी भांडण्याचे कारण जितके वाटते तितके नाही.

याहूनही टोचणारी गोष्ट दुसरी आहे. 'जुना, अस्सल इंग्लिश पब' असे म्हणताना तो कोणासाठी होता हेही विचारले पाहिजे. १९६०च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी आणि कॅरिबियन कामगारांना अनेक पबांमध्ये प्रवेश नव्हता, किंवा बसायची खोली वेगळी होती. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये, हत्येच्या अवघे नऊ दिवस आधी, अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले आणि तिथल्या 'ब्लू गेट्स' पबमध्येही गेले. त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स कायद्याने सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव बेकायदा ठरवला. हा अपमान इंग्लिश पबच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्याला वगळून वारशाविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ज्यांना दारातून परतवले होते त्याच समाजातल्या माणसांनी स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच आणि बर्मिंगहॅममधले बंद पडत चाललेले पब चालवायला घेतले. काउंटरवर बिटर आणि स्वयंपाकघरात तंदूर, शेगडीवर मसालेदार मांस. आज या 'देसी पबां'मध्ये गोरे आणि आशियाई शेजारी एकाच टेबलावर बसतात. संरक्षित वास्तूंच्या यादीने यातले काहीच केले नाही. जागा पब म्हणूनच चालू राहिली, म्हणून नव्या माणसांना ती आपली करता आली. मुंबईकराच्या कानाला 'लोकल' म्हणजे रेल्वे; इंग्लंडमध्ये 'माझा लोकल' म्हणजे माझ्या घराजवळचा पब. तो माझा म्हणता येणे हा हक्क भारतीयांनी इथे झगडून मिळवला आहे, आणि म्हणून त्याच्या भवितव्याविषयी बोलण्याचाही आपल्याला अधिकार आहे.

भारताशी या पेयाचा संबंध तसा त्याहून जुना आहे. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथल्या गोऱ्यांसाठी महिनोन् महिन्यांच्या सागरी प्रवासात टिकेल अशी, भरपूर हॉप्स घातलेली फिकट एल लंडनच्या हॉजसन ब्रुअरीतून आणि १८२०च्या दशकापासून बर्टन अपॉन ट्रेंट गावातून येऊ लागली. पुण्या-मुंबईच्या मेन्यूकार्डांवर आज दिसणारी 'आयपीए', म्हणजे 'इंडिया पेल एल', ही अक्षरे तिथून आलेली आहेत. बर्टनमध्ये लाकडी पिंपांच्या जोडलेल्या रांगांत बिअर आंबवण्याची 'युनियन' नावाची पद्धत होती; ती वापरणारी तिथली अखेरची मोठी ब्रुअरी मार्स्टन्स, आणि तिने २०२४ मध्ये ती थांबवली. त्यातला एक संच डर्बीशायरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेला आणि प्रदर्शनात न मांडता त्यात पुन्हा बिअर बनवायला सुरुवात केली. वारसा जपण्याची ही रीत मला योग्य वाटते.

आताचे कायदे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. २०११च्या लोकलिझम कायद्याने गावकऱ्यांना एखादा पब 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो, आणि तो विक्रीला निघाला तर पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. दक्षिण लंडनच्या ननहेडमधला 'आयव्ही हाऊस' अशी नोंद मिळालेला पहिला पब. २०१३ मध्ये ३७१ भागधारकांनी मिळून तो विकत घेतला. त्याच्या दहा वर्षे आधी, असा कोणताही कायदा नसताना, कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या लहानशा खेड्यात शंभरहून अधिक लोकांनी सहकारी संस्था काढून 'ओल्ड क्राउन' हा पब घेतला होता, आणि पबच्या मागच्या कोठारातली ब्रुअरी त्याहीपूर्वी, १९९९ मध्ये, सहकारी झाली होती. तिथल्या बिअरींना आसपासच्या डोंगरांची नावे आहेत. गावकऱ्यांनी भाग घेऊन उद्योग उभा करणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही. भाग घेतलेला माणूस पिंप संपवायलाही येतो, हे त्यातले मर्म. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला रीतसर परवानगी लागते, हीसुद्धा मोठी सुधारणा आहे. पण सहा महिन्यांची मुदत म्हणजे विकत घेण्याचा हक्क नव्हे. मुदत संपली की मालक हवे त्याला विकू शकतो. शहरातल्या जमिनीच्या भावाने पैसे गोळा करणे शिक्षक, परिचारिका, निवृत्त कामगार यांच्या गावाला झेपत नाही.

करांच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. पबमध्ये पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरवर बाटलीबंद बिअरपेक्षा कमी उत्पादन शुल्क लावण्याचा विचार सरकारने केला, तेव्हा ही सवलत पहिल्या आराखड्यात ४० लिटर किंवा त्याहून मोठ्या पिंपांनाच होती. फर्किन ४१ लिटरांचे असल्यामुळे ते कसेबसे बसत होते. पण लहान पबांसाठी आणि लहान ब्रुअरींसाठी सर्वांत उपयोगी असे ३६ पाइंटांचे 'पिन' बाहेर राहत होते. तीन दिवसांत ३६ पेले खपवणे खेड्यातल्या पबला जमते, ७२ जमत नाहीत. ब्रुअर आणि कॅमरा यांनी हे समजावून सांगितल्यावर मर्यादा २० लिटरांवर आणली गेली आणि २०२३ मध्ये सवलत लागू झाली. पिनमध्ये साडेवीस लिटर मावतात. कायदा लिहिणाऱ्याला तळघराची माहिती असली तर काय फरक पडतो, ते इथे दिसते.

युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ब्रिटन त्या करारात २०२४ मध्ये सहभागी झाला, आणि कास्क एललाही तसा मान मिळावा असे अनेकांना वाटते. गोव्याने फेणीला राज्याचे वारसा-पेय म्हटले, तेव्हा काजूच्या भट्टीवर राबणाऱ्या माणसाला प्रतिष्ठा मिळाली हे मी नाकारत नाही. पण सन्मानाने बुचावरचा फेस वाचणारे डोळे तयार होत नाहीत आणि भाडेही कमी होत नाही. २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये पाचशे किंवा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांना लागू असलेली 'पब्ज कोड' नियमावली भाडेकरूला ठरावीक प्रसंगी बांधिलकी सोडून बाजारभावाने केवळ भाडे देण्याचा पर्याय देते. मात्र तो पर्याय वापरायचा तर कराराची सगळी घडी विस्कटते, आणि कंपनीशी वाद घालण्याइतका वेळ किंवा वकील दहा-बारा तास काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाकडे नसतो.

स्कॉटलंडच्या संसदेने २०२१च्या कायद्यात याहून साधी तरतूद केली: बांधील पबच्या चालकाला आपल्या पसंतीची एक बिअर बाहेरून आणण्याचा करार मागता येईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा हक्क आज नाही. १९८९ मध्ये तो दिला होता, तो चुकीच्या दारावर ठोठावल्यामुळे वाया गेला. आता तो ब्रुअरी असो वा मालमत्ता कंपनी, प्रत्येक मालकाला लागू होईल अशा शब्दांत पुन्हा द्यावा, ही माझी मुख्य मागणी आहे. माझ्या घराजवळच्या पबचा चालक अठरा वर्षे तळघर सांभाळतो आहे. त्याच्या पबपासून दोन मैलांवर एक छोटी ब्रुअरी आहे, तिची बिअर गावातल्या लोकांना आवडते आणि ते त्याच्याकडे ती मागतात. त्याच्या करारात ती घेता येत नाही. त्याने मला एकदा खाली नेऊन पिंपांची मांडणी दाखवली, तेव्हा भिंतीकडच्या टोकाला एका फर्किनपुरती जागा पुसून स्वच्छ ठेवलेली होती.